ब्राउझरच्या खिडकीतला नको असलेला पसारा : काय बंद करावे आणि कुठून

शांतपट

डेस्कटॉपवर काही वाचायला बसले की मजकुरापर्यंत पोहोचण्याआधीच बरेच काही समोर येऊन उभे राहते. सूचना पाठवण्याची परवानगी मागणारी चौकट, कोपऱ्यात उघडणारे साइन-इनचे कार्ड, शब्द निवडताच त्यावर तरंगणारा छोटा मेनू, टॅबवरून माउस नेला की खाली लोंबणारे चित्र, व्हिडिओला चिकटलेले बटण आणि नवा टॅब उघडताच भरून येणाऱ्या बातम्या. यांतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी उपयोगाची असेल, पण ज्यांना ती नको आहे त्यांना ती बंद करता आली पाहिजे, आणि बहुतेक वेळा ती करता येतेही. अडचण एवढीच असते की आपण बटण शोधतो एकीकडे आणि ते असते भलतीकडे.

म्हणून माझा आग्रह असा आहे की कोणतीही गोष्ट बंद करायला जाण्यापूर्वी ती मुळात कोणाची आहे हे ठरवावे. पडद्यावर दिसणारी वस्तू संकेतस्थळाने आणलेली असते, ब्राउझरने स्वतः घातलेली असते किंवा ऑपरेटिंग सिस्टीम दाखवत असते. ती एकाच संकेतस्थळावर दिसते की सगळीकडे, रिकाम्या टॅबमध्येही दिसते का, आणि ब्राउझरची खिडकी खाली घेतल्यावरही दिसत राहते का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी मालक बहुधा सापडतो. हे न करता एखादे जाहिरात-रोधक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) बसवून मोकळे होणारे अनेक जण पुढे तक्रार करतात की पडद्याच्या कोपऱ्यातल्या सूचना अजून येतातच. त्या येणारच, कारण त्या पानावरची जाहिरात नसून आपणच कधीतरी दिलेल्या परवानगीचा परिणाम असतात.

सूचनांचा हा प्रकार सर्वांत त्रासदायक आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: परवानगीची विचारणा आणि परवानगी मिळाल्यानंतर येणारी सूचना. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स असा रस्ता आहे. तेथे कोणत्याही साइटला सूचना पाठवू न देण्याचा पर्याय निवडला की विचारणा थांबते, परंतु ज्या संकेतस्थळांना आधीच परवानगी दिलेली आहे ती त्याच पानावर खालच्या यादीत तशीच राहतात, आणि खरा त्रास देणारी बहुधा तीच असतात. विंडोजवर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सूचना आली की ती लगेच झटकून टाकू नये. तिच्या चौकटीत लहान अक्षरांत संकेतस्थळाचे नाव असते, ते वाचावे आणि तेच नाव क्रोमच्या यादीत शोधावे. नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक केले की ब्लॉक आणि रिमूव्ह हे पर्याय मिळतात. रिमूव्ह केल्यास ते संकेतस्थळ सर्वसाधारण नियमाखाली येते, म्हणजे विचारणा चालू ठेवली असेल तर ते पुन्हा विचारू शकते. ब्लॉक केल्यास त्याचा विषय संपतो.

‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे’ असे बजावणाऱ्या सूचनाही पुष्कळदा याच वाटेने येतात. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून परवानगी काढून घेतलेली असते, आणि नंतर आलेली सूचना पाहून लोकांना वाटते की ती अँटिव्हायरसचीच आहे. घरातल्या वयस्कर मंडळींच्या संगणकावर ही यादी एकदा आवर्जून उघडून पाहावी.

फायरफॉक्सने जानेवारी २०२० मधल्या ७२ व्या आवृत्तीपासून ही विचारणा आपोआप उघडणे थांबवले. वापरकर्त्याने पानावर काही क्रिया केल्याखेरीज चौकट न उघडता पत्त्याच्या पट्टीत केवळ एक लहान चिन्ह दिसते. तेही नको असल्यास प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या परवानग्यांच्या विभागात नोटिफिकेशन्ससमोरचे सेटिंग्ज उघडून नव्या विनंत्या रोखण्याच्या चौकोनात टिक करावी. सफारीत सेटिंग्जच्या वेबसाइट्स या भागात नोटिफिकेशन्स निवडून परवानगी मागण्याची मुभाच काढून घेता येते.

क्रोम बंद केल्यावरही विंडोजवर सूचना येत असतील तर सिस्टीम या विभागात ब्राउझर बंद झाल्यावर पार्श्वभूमीतील ॲप्स चालू ठेवण्याचा जो पर्याय आहे, तो बंद करावा. एजमध्येही तसाच पर्याय सिस्टीम अँड परफॉर्मन्स या भागात आहे.

नव्या टॅबचे काम मात्र सोपे आहे. एजमध्ये त्या पानावरचेच दातेरी चाक दाबून मजकूर बंद करता येतो. क्रोममध्ये कस्टमाइझ क्रोम उघडून कार्डे आणि शॉर्टकट घालवता येतात. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या होम या भागात प्रायोजित शॉर्टकट व बातम्या यांपुढच्या टिक-खुणा काढता येतात. ब्रेव्हमध्ये प्रायोजित पार्श्वचित्रेही त्या पानावरूनच बंद होतात. शब्द निवडल्यावर एजमध्ये तरंगणारा मिनी मेनू अपिअरन्स विभागातून बंद होतो. टॅबखाली लोंबणारी चित्रे बंद करण्याचा पर्याय क्रोममध्ये अपिअरन्स विभागात आणि फायरफॉक्समध्ये जनरलमधल्या टॅब्स या भागात आहे.

आपल्याला खटकणारी गोष्ट वरच्या तीन प्रश्नांच्या उत्तरांसह येथे लिहिल्यास नेमका उपाय शोधणे सोपे जाईल.

रेघोटी

लेख फार उपयोगी आहे. माझी तक्रार उजव्या वरच्या कोपऱ्यात उघडणाऱ्या ‘गुगल खात्याने साइन इन करा’ या कार्डाबद्दल आहे. ते अनेक संकेतस्थळांवर येते, रिकाम्या टॅबमध्ये येत नाही आणि खिडकी खाली घेतली की दिसत नाही. मजकुराचा वरचा भाग त्याने झाकला जातो आणि प्रत्येक ठिकाणी फुली मारावी लागते. हे संकेतस्थळाचे समजायचे की ब्राउझरचे?

शांतपट

@रेघोटी, या कार्डाला दोन मालक आहेत, म्हणूनच ते गोंधळात टाकते. कार्ड दाखवावे असे संकेतस्थळ ठरवते, परंतु क्रोममध्ये ते ब्राउझर स्वतः रंगवू शकतो. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये थर्ड-पार्टी साइन-इन नावाची नोंद आहे. तेथे ओळख-सेवांच्या विचारणा रोखण्याचा पर्याय निवडावा. फायरफॉक्स आणि सफारीत हे कार्ड पानाच्या आतली एक चौकट म्हणून येते, त्यामुळे तेथे ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये शोधून काही हाती लागत नाही. तुम्ही गुगल खात्यात साइन इन केलेले असेल तर त्या खात्याच्या सुरक्षा विभागात, अन्य ॲप्स आणि सेवांशी असलेल्या जोडण्यांच्या पानावर, साइन-इनच्या या विचारणांसाठी वेगळे बटण आहे. ते बंद केले की त्या खात्यापुरता प्रश्न सुटतो. खात्याने लॉग-इन करण्याची सोय यामुळे जात नाही, लॉग-इनच्या पानावरचे बटण पूर्वीसारखेच चालते.

अक्षरमित्र

मला एका वेगळ्या त्रासाबद्दल लिहायचे आहे, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. पान खाली सरकवताना मागची चित्रे वेगळ्या गतीने सरकतात, मजकूर बाजूने घरंगळत येतो, आकडे फिरत फिरत वाढतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा विकार असलेल्या माणसाला अशा हालचालींनी खरोखर चक्कर येते आणि मळमळते. माझ्या घरात अशी व्यक्ती आहे आणि तिला कामासाठी दिवसभर ब्राउझर वापरावा लागतो. ही हालचाल एका जागी थांबवता येईल का?

निळा_कंदील

@अक्षरमित्र, वेबसाठी काम करणारा म्हणून याचे उत्तर मी देतो.

याची किल्ली ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स या रस्त्याने जाऊन ॲनिमेशन इफेक्ट्स बंद करावेत. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये रिड्यूस मोशन हा पर्याय आहे. असे केल्याने दोन गोष्टी घडतात. खिडक्या उघडण्या-मिटण्याची सिस्टीमची स्वतःची हालचाल कमी होते आणि ब्राउझर प्रत्येक पानाला ‘या वाचकाला हालचाल कमी हवी आहे’ असे कळवू लागतो. सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतली ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ ही विचारणा ती हीच. सफारीत ती २०१७ पासून आहे आणि आज सर्व प्रमुख ब्राउझर ती ओळखतात.

मात्र ब्राउझर फक्त निरोप देतो. तो मानायचा की नाही हे पान लिहिणाऱ्याच्या हाती असते. ज्यांनी ही विचारणा आपल्या सीएसएसमध्ये लिहिलेली आहे त्यांची पाने एकदम शांत होतात आणि ज्यांनी ती लिहिलेली नाही त्यांच्या पानांवर काहीही फरक पडत नाही. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट नियम आहे की आपोआप सुरू होणारी आणि इतर मजकुराबरोबर पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबवण्याची, विराम देण्याची किंवा लपवण्याची सोय असली पाहिजे. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी हा नियम शोभेचा न मानता प्रत्येक पानावर पाळावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यासाठी लागणारा कोड पुष्कळदा चार-पाच ओळींचाच असतो.

संपूर्ण संगणकावर बदल नको असेल आणि फायरफॉक्स वापरत असाल, तर पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन आणि कॉन्फिग असे सलग लिहून उघडणाऱ्या पानावर ‘यूआय डॉट प्रिफर्सरिड्यूस्डमोशन’ नावाची संख्या स्वरूपातील नोंद तयार करून तिची किंमत १ ठेवावी. मग फक्त फायरफॉक्सच हा निरोप देऊ लागतो.

सतत हलणारी जिफ चित्रे या निरोपाने थांबत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच पानावर ‘इमेज डॉट ॲनिमेशन अंडरस्कोअर मोड’ ही नोंद आहे. तिच्यात ‘नन’ लिहिल्यास चित्र पहिल्या चौकटीवर स्थिर राहते आणि ‘वन्स’ लिहिल्यास एक फेरी पूर्ण करून थांबते. मॅकवर सोनोमा आवृत्तीपासून ॲक्सेसिबिलिटीमध्येच हलती चित्रे आपोआप न चालवण्याचा पर्याय आला आहे आणि सफारी तो पाळते. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये असा पर्याय नाही, तेथे एक्स्टेंशनचा आधार घ्यावा लागतो. तुम्ही वर्णन केलेल्या त्रासासाठी मी निःशंकपणे फायरफॉक्स सुचवीन.

वाचनाच्या लांब पानांसाठी आणखी एक गोष्ट करावी. विंडोजवर फायरफॉक्स आणि एज या दोन्हींत एफ ९ ही कळ दाबली की, पान त्यासाठी योग्य असल्यास, वाचनदृश्य उघडते. त्यात मूळ पानाची मांडणी आणि तिच्याबरोबरची सारी हालचाल गळून पडते आणि केवळ मजकूर व चित्रे उरतात.

अक्षरमित्र

@निळा_कंदील, मनापासून आभार. सिस्टीममधला पर्याय बंद केल्यावर काही संकेतस्थळे लगेच शांत झाली. एक-दोन ठिकाणी मागची चित्रे अजून सरकतात, पण आता ती त्या संकेतस्थळांनी निरोप न मानल्यामुळे सरकतात हे समजले. त्यांना तसे लिहून कळवणार आहे.

वाटाड्या_२

व्हिडिओंविषयी कोणी लिहील का? बातम्यांच्या पानावर व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि खाली सरकलो की तोच लहान होऊन कोपऱ्यात येऊन बसतो. मी फायरफॉक्समध्ये पिक्चर-इन-पिक्चर बंद केले, तरी तो येतोच.

शांतपट

@वाटाड्या_२, कारण तो पिक्चर-इन-पिक्चर नाही. दोन्ही दिसायला सारखे असले तरी त्यांचा फरक ओळखणे सोपे आहे: दुसऱ्या टॅबवर जाऊन पाहावे. ब्राउझरचा पिक्चर-इन-पिक्चर वेगळ्या खिडकीत असल्यामुळे इतर सर्व खिडक्यांच्या वर तरंगत राहतो. टॅब बदलताच जो दिसेनासा होतो तो संकेतस्थळाने पानातच चिकटवलेला व्हिडिओ असतो. तुम्ही जे बंद केलेत ते व्हिडिओवर माउस नेल्यावर दिसणारे फायरफॉक्सचे बटण होते.

आपोआप सुरू होण्याच्या बाबतीत ब्राउझरांच्या वागण्यात मोठा फरक आहे. फायरफॉक्स मार्च २०१९ मधल्या ६६ व्या आवृत्तीपासून आवाजासह आपोआप चालणारी माध्यमे रोखतो. आवाज बंद ठेवून सुरू होणारा व्हिडिओ मात्र त्यातून सुटतो, आणि बातम्यांची पाने नेमके तेच करतात. म्हणून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ऑटोप्लेसमोरचे सेटिंग्ज उघडून ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही रोखण्याचा पर्याय निवडावा. सफारीत वेबसाइट्समध्ये ऑटो-प्ले या नोंदीखाली कधीही न चालवण्याचा पर्याय आहे. क्रोमने २०१८ च्या ६६ व्या आवृत्तीपासून आवाजी माध्यमांवर मर्यादा घातली, पण आवाज नसलेले व्हिडिओही थांबवणारे बटण त्याच्या सेटिंग्जमध्ये दिलेले नाही. ही उणीव मोठी आहे.

कोपऱ्यात चिकटलेल्या व्हिडिओसाठी यूब्लॉक ओरिजिनसारख्या एक्स्टेंशनमधला घटक निवडण्याचा पर्याय वापरावा. नको असलेल्या चौकटीवर क्लिक केले की त्या संकेतस्थळापुरता ती लपवण्याचा नियम तयार होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या सफारीच्या १८ व्या आवृत्तीत लक्ष विचलित करणारे भाग लपवण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. जाहिरातीसारखा सतत बदलणारा मजकूर मात्र तिने कायमचा जात नाही.

उभी_रेषा

मी सादरीकरणे पूर्ण पडदा करून दाखवते. प्रत्येक वेळी वरच्या बाजूला ‘हे संकेतस्थळ आता पूर्ण पडद्यावर आहे’ अशी पट्टी येते. फायरफॉक्सच्या प्रगत नोंदींमध्ये तिच्या वेळेची किंमत शून्य केली की ती दिसत नाही असे वाचले. हे सर्वांनी करावे असे माझे मत आहे, कारण ती पट्टी पूर्णपणे निरुपयोगी आहे.

निळा_कंदील

@उभी_रेषा, या मताशी मी सहमत नाही. शून्य किंमतीने पट्टी जाते हे बरोबर आहे, पण ती पट्टी सजावटीसाठी नाही. पूर्ण पडदा मिळाला की पानाला पडद्यावरचा प्रत्येक बिंदू हवा तसा रंगवता येतो. त्यात ते खोटी पत्त्याची पट्टी, खोटे कुलूप, अगदी पासवर्ड मागणारी सिस्टीमची खोटी खिडकीही काढू शकते. आपण पूर्ण पडद्यात आहोत आणि तो अमुक संकेतस्थळाच्या ताब्यात आहे, हे ब्राउझर आपल्याला त्या पट्टीतूनच सांगतो.

नको असलेले आणि नावडते यांत फरक करावा. ज्या गोष्टी आपले लक्ष विकत घेण्यासाठी दाखवल्या जातात त्या खुशाल बंद कराव्यात. ज्या गोष्टी आपली फसवणूक होऊ नये म्हणून दाखवल्या जातात, म्हणजे ही पट्टी, धोकादायक संकेतस्थळाचा लाल पडदा, कॅमेरा वा मायक्रोफोन चालू असल्याचे चिन्ह, त्यांना हात लावू नये.

उभी_रेषा

ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती, पण माझी गरज खरी आहे. प्रेक्षकांसमोर ती पट्टी बरी दिसत नाही.

शांतपट

@उभी_रेषा, तुमच्यासाठी मधला मार्ग आहे. फायरफॉक्समध्ये केवळ सादरीकरणासाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचा स्वतंत्र संच, तयार करावे आणि हा बदल त्यातच करावा. प्रगत नोंदी प्रोफाइलनिहाय साठवल्या जातात, त्यामुळे रोजच्या वापरातल्या प्रोफाइलमध्ये ती पट्टी कायम राहील. सादरीकरणाच्या प्रोफाइलमध्ये अन्य संकेतस्थळे उघडू नयेत.

कोरापाट

एका संस्थेतल्या पुष्कळ संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. प्रत्येक यंत्रावर जाऊन हे सर्व करणे शक्य नाही. शिवाय क्रोमच्या प्रायोगिक पर्यायांच्या पानावरून, म्हणजे फ्लॅग्जमधून, बंद केलेल्या काही गोष्टी अपडेटनंतर परत आल्या.

निळा_कंदील

@कोरापाट, फ्लॅग्जवर कायमची व्यवस्था उभी करू नये. ते चाचणीसाठी असतात आणि काम झाले की काढून टाकले जातात. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून साधारण चार आठवड्यांनी येऊ लागली, त्यामुळे आज असलेला फ्लॅग काही महिन्यांनी नसणे हे अगदी स्वाभाविक आहे.

तुमच्यासाठी पॉलिसी, म्हणजे देखभाल करणाऱ्याने ब्राउझरवर लावलेले नियम, हा योग्य मार्ग आहे. क्रोम आणि एज या दोन्हींत सूचनांची सर्वसाधारण परवानगी पॉलिसीने रोखता येते. एजची बाजूची पट्टी आणि क्रोमचा प्रचारपर मजकूर यांसाठीही स्वतंत्र पॉलिसी आहेत. फायरफॉक्समध्ये तो जेथे बसवलेला आहे त्या फोल्डरमध्ये डिस्ट्रिब्यूशन नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीज नावाची जेसन फाइल ठेवावी. तिच्यातून एक्स्टेंशनच्या आणि नव्या सुविधांच्या शिफारशी, पहिल्या वेळचे स्वागत आणि नव्या टॅबवरचे प्रायोजित शॉर्टकट एकत्र बंद करता येतात.

पॉलिसी लावल्यावर सेटिंग्जमध्ये ब्राउझर आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित होत असल्याचा उल्लेख दिसू लागतो. घरच्या संगणकावर कोणीही पॉलिसी न लावता तो दिसला, तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असे लिहून काय काय लावलेले आहे ते जरूर तपासावे. काही प्रोग्राम न विचारता तेथे नोंदी करून ठेवतात.

रेघोटी

क्रोममधले ते कार्ड आता येत नाही, धन्यवाद. मात्र एक नवा प्रश्न आहे. एजमध्ये खरेदीच्या संकेतस्थळांवर किंमतींची तुलना करणारे एक कार्ड उघडते. ते अनेक संकेतस्थळांवर येते, म्हणून ब्राउझरचे असावे असे समजून मी सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागातल्या सेवांमध्ये एजची खरेदीसाठीची सुविधा बंद केली, तरीही ते येते.

शांतपट

@रेघोटी, मी सांगितलेल्या तीन मालकांत चौथा जोडायला हवा, तो म्हणजे एक्स्टेंशन. ते सर्व संकेतस्थळांवर काम करू शकते, म्हणून त्याचे कार्ड ब्राउझरच्याच कार्डासारखे भासते. एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन सगळी एकदम बंद करावीत आणि तेच संकेतस्थळ पुन्हा उघडावे. कार्ड गेले तर एकेक एक्स्टेंशन चालू करत दोषी शोधावे. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी मदतीच्या मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात सर्व एक्स्टेंशन तात्पुरती बंद होतात.

रेघोटी

सापडले. पीडीएफ जोडण्यासाठी बसवलेल्या एका एक्स्टेंशनने ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी घेतलेली होती आणि कार्ड तेच दाखवत होते. ते काढून टाकले आहे.

शांतपट

उत्तम. आता उरलेल्या प्रत्येक एक्स्टेंशनचे तपशील उघडून त्याला कोणत्या संकेतस्थळांवर जाण्याची मुभा आहे तेही पाहावे. जे एक्स्टेंशन एखाद्याच ठिकाणी लागते त्याला तेवढ्याच ठिकाणची किंवा चिन्हावर क्लिक केल्यावरच चालण्याची परवानगी ठेवावी. हा पर्याय क्रोम आणि एज दोन्हींत आहे.